पाणी घंटेला लागलं

गोदावरीला पूर आल्याची बातमी आली की आमच्या तलवाड्यात माणसं आधी नाशिकची चौकशी करतात. पारावर, हॉटेलात, एसटीच्या थांब्यावर तोच विषय. गोदापात्रातला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला? कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. आणि मग कुणीतरी हमखास विचारतं, नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं का? लागलं म्हटलं की बसलेल्यांच्या चेहऱ्यांवर दोन भाव एकदम येतात. तिकडे रामकुंडावरची दुकानं आणि सराफ बाजारातली घरं पाण्यात असतील याची काळजी, आणि इकडे नाथसागर जलाशय भरणार, पैठणचा उजवा कालवा वाहणार याचा दिलासा. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गेवराई तालुक्याला हे दोन्ही भाव एकाच वेळी मनात धरायची सवय आहे. वरच्या गावांचा पूर हेच आमचं उन्हाळ्यातलं पाणी.

ती घंटा प्रत्यक्ष पाहायला मला बरीच वर्षं लागली. तोवर माझ्या मनात ती पूर मोजायची एक खूण होती. आमच्या त्वरिता देवीच्या देवळात असते तशीच, फक्त मोठी, अशी कल्पना. पंचवटीत नदीकाठी उभा राहून वर पाहिलं तेव्हा कळलं की हिचा घाटच निराळा आहे. खांद्याशी गोल, कमरेशी आत वळलेली आणि ओठाशी रुंद पसरलेली. तिच्या अंगावर उठावाचे आकडे आहेत, १७२१. शके नव्हे, इसवी सन. ही घंटा ज्या वर्षी ओतली त्या वर्षी हे देऊळ नव्हतं, देऊळ बांधणारा सरदार प्रसिद्धीला आला नव्हता आणि घंटा ज्या मुलखात वाजायची होती तिथे पोर्तुगालच्या राजाचा अंमल होता. ती चर्चची घंटा आहे. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, तेव्हा तिथून आलेली.

देऊळ रामेश्वराचं. नारो शंकर दाणी, ज्यांना राजेबहादूर हा किताब होता आणि ज्यांनी मालेगावचा किल्ला बांधला, त्यांनी ते १७४७ मध्ये उभं केलं. अठरा लाख रुपये खर्च आल्याची नोंद सांगतात. शिखरावरच्या आणि भिंतींवरच्या कोरीव कामाकडे खरं तर आधी लक्ष जायला हवं, पण नाशिकनं देवळाला बांधणाऱ्याचं नाव दिलं आणि त्या नावालाही घंटा जोडून टाकली. नारोशंकराची घंटा. महादेवाचं नाव विचारावं लागतं.

त्या दिवसापासून मी या घंटांच्या मागे आहे. नाशिकची एकटी नाही. वाईजवळच्या मेणवलीत, भीमाशंकरला, नसरापूरच्या बनेश्वरात, पालीच्या बल्लाळेश्वराकडे, थेऊरच्या चिंतामणीकडे, पुण्याच्या ओंकारेश्वरात, शिरूरच्या रामलिंगात अशा घंटा आहेत. चिमाजी अप्पांनी वसईहून आणलेल्या, असं प्रत्येक ठिकाणी सांगतात. सांगतात ते अभिमानानं, आणि तो अभिमान खोटा नाही. पण गोष्ट तिथूनच सुरू होते, १७३९ पासून. घंटेचं त्याआधीचं आयुष्य कुणी सांगत नाही. मला ते ऐकायचं होतं.

घंटा ओतायची जुनी रीत अशी. जमिनीत खड्डा घ्यायचा. विटामातीचा गाभा उभा करायचा, त्यावर मातीचीच एक खोटी घंटा, तिच्यावर मेणाची अक्षरं आणि चित्रं, आणि त्या सगळ्यावर बाहेरून मातीचं जाड कवच. आच दिली की मेण वितळून जातं आणि अक्षरांचे ठसे कवचाच्या आतल्या अंगाला राहतात. मग कवच उचलायचं, खोटी घंटा फोडून काढायची, कवच परत बसवायचं आणि मधल्या पोकळीत रस सोडायचा. साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. आपल्या देवळांमध्ये या घंटा पंचधातूच्या आहेत असं सांगतात, पण युरोपी रीतीच्या घंटेचं कांसं मुख्यतः या दोन धातूंचंच असतं. कथील वाढलं तर आवाज टणत्कारतो पण घंटा ठिसूळ होऊन तडकते. कथील कमी पडलं तर आवाज बसतो. तो तोल ओतणाऱ्याच्या हातात असतो. हे हात सगळे समुद्रापलीकडचेच होते असंही नाही. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलची प्रसिद्ध ‘सोन्याची घंटा’ १६५२ मध्ये कुंकळ्ळीला ओतलेली आहे, आपल्याच किनाऱ्यावर.

घंटा ओतून झाली की ती लगेच मनोऱ्यावर चढत नाही. बिशप येतो, तिला आशीर्वादित पाण्यानं धुतो, पवित्र तेलाच्या खुणा करतो, तिच्या आत धूप फिरवतो आणि तिला एखाद्या संताचं किंवा मारियामातेचं नाव दिलं जातं. लोक त्याला घंटेचा बाप्तिस्माच म्हणत आले आहेत. हे समजलं तेव्हा मी थोडा थांबलो. मेणवलीची, नाशिकची, पालीची, या प्रत्येकीला एक नाव असणार. नाव ठेवताना गाव जमलं असणार.

आणि मग तिचं काम. पहाटे, भर दुपारी आणि दिवेलागणीला देवदूताच्या प्रार्थनेची घंटा. शेतातला माणूस कुदळ टेकवून उभा राहतो, चुलीपाशी बसलेली बाई ओठांतल्या ओठांत पुटपुटते. रविवारच्या मिस्सेची, म्हणजे सामूहिक उपासनेची, निराळी, लग्नाची निराळी, आणि कुणी गेलं की सावकाश, एकेक ठोका सुटा पडत राहणारी मृत्यूची निराळी. ऐकणाऱ्याला ठोक्यावरून कळतं काय झालंय ते, कोण गेलं तेवढं विचारावं लागतं. वर्षात दोन दिवस ती बोलत नाही. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारच्या मिस्सेत गौरवगान झालं की घंटा बंद होतात, आणि ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या गौरवगानापर्यंत त्यांच्या जागी लाकडी खटखट्या वाजवतात. प्रभूच्या मरणाचं मौन. ईस्टरच्या रात्री ती पुन्हा वाजते तेव्हा गावाला काय वाटत असेल, हे आषाढात पहिला पाऊस ऐकणाऱ्या आमच्यासारख्यांना कळू शकतं.

ही गावं कुठली? १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर दोनशे वर्षांत किल्ल्याच्या आत सेंट जोसेफचं कॅथेड्रल, जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा संघांची चर्च आणि मठ उभे राहिले. किल्ल्याबाहेर पापडी, सांडोर, रमेदी, माणिकपूर, पाली, नंदाखाल, आगाशी, निर्मळ या गावांत एकेक पॅरिश, म्हणजे धर्मग्राम. किल्ल्यातले बहुतेक लोक पोर्तुगीज होते, पण गावांतले नव्हते. तिथे सामवेदी कुपारी होते, वाडवळ होते, कोळी होते. पानमळा, केळीच्या बागा, भात, मासळी. बाप्तिस्मा झाला, नावं बदलली, पण घरातली बोली तीच राहिली, लग्नातली गाणी राहिली, सणाचं खाणं राहिलं. वसईत १५५७ च्या सुमारास जन्मलेला गोन्सालो गार्सिया याच मातीतल्या आईचा मुलगा. तो जपानमध्ये नागासाकीला १५९७ मध्ये क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संत झाला, भारतातला पहिला. तिकडे गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं तेही मराठी ओवीत. म्हणजे मनोऱ्यावर घंटा युरोपी घाटाची होती आणि खाली उभं राहून ती ऐकणारं माणूस आपलं होतं.

तरी या किनाऱ्यावर पहिलं मौन त्या घंटांचं नव्हे, हेही मनात न दडपता सांगायला हवं. निर्मळ हे जुनं तीर्थ. पोर्तुगीजांनी तिथलं देवस्थान मोडलं. साष्टीत आणि वसईत कितीतरी देवळांचं तेच झालं. गोव्यात इन्क्विझिशनचं न्यायासन १५६० पासून होतं आणि त्याची धास्ती उत्तरेकडच्या या मुलखालाही होती. से कॅथेड्रलची ती सोन्याची घंटा, जिच्या गोड आवाजाचं कौतुक होतं, तीच इन्क्विझिशनच्या शिक्षांच्या दिवशी वाजवली जात असे. घंटेला दोष देता येत नाही, पण तिच्या आवाजात काय काय मिसळलेलं असतं ते विसरताही येत नाही. त्या काळी निर्मळच्या एखाद्या म्हातारीला आपल्या आजीकडून ऐकून माहीत असेल की इथे पूर्वी दुसरी घंटा वाजत होती.

१७३७ मध्ये मराठ्यांची पोर्तुगीजांविरुद्धची मोहीम सुरू झाली. त्या वर्षी ठाणं पडलं. तिचे सेनापती चिमाजी अप्पा, बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ, प्रकृतीनं नाजूक. १७३९ च्या सुरुवातीला वसईला वेढा पडला. एका बाजूनं चिखल आणि खाडी, दुसऱ्या बाजूनं समुद्र, आणि जिथून जाता येतं तिथे दगडी तट आणि त्यावर तोफा. सुरुंग खणून बुरुज उडवायचे, खिंडार पडलं की आत घुसायचं, परत हटायचं, पुन्हा खणायचं. माणसं किती पडली याची कल्पना त्या तटाखाली मे महिन्याच्या उन्हात उभं राहिल्यावर येते. मी उभा राहिलो आहे. त्या उन्हात तो चिखल आणि ते चढणं डोळ्यांपुढे आणलं, की लढणाऱ्यांबद्दल आदरानं मान खाली जाते. मे महिन्यातच किल्ला शरण आला. पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, वाजतगाजत, सन्मानानं बाहेर पडू दिलं. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळता येईल असं तहात लिहून दिलं. आपल्या इतिहासातल्या मला आवडणाऱ्या कलमांपैकी हे एक आहे.

माणसं राहिली, धर्म राहिला. मोठ्या घंटा मात्र खाली उतरल्या.

लढाईतून घंटा उचलून नेणं ही काही एकट्या मराठ्यांची रीत नव्हती. ९९७ मध्ये कोर्दोबाच्या अल-मन्सूरनं स्पेनमधल्या सांतियागोच्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कोर्दोबाला नेल्या आणि मशिदीत दिव्यांसाठी टांगल्या. १२३६ मध्ये राजा तिसऱ्या फर्नांदोनं कोर्दोबा घेतलं आणि त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून परत पाठवल्या. घंटेला ओझं व्हायचं नव्हतं, तिला कुणीतरी दोन्ही वेळा ओझं केलं. युरोपात तर जिंकलेल्या गावाच्या घंटांवर तोफखान्याच्या प्रमुखाचा हक्कच असे. कारण उघड आहे. घंटेचं कांसं आणि तोफेचं कांसं ही सख्खी भावंडं. कथिलाचं प्रमाण थोडं इकडेतिकडे केलं की एकातून दुसरं होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं युरोपभरच्या चर्चमधून लाखाहून जास्त घंटा उतरवल्या, त्यातल्या बहुतेक वितळवल्या.

चिमाजी अप्पांच्या लष्करालाही तोफा हव्या होत्या. वसई घेतल्यावर हातात आलेलं एवढं कांसं भट्टीत घालायला कुणी हरकत घेतली नसती. तरीही यातल्या कितीतरी घंटा भट्टीत गेल्या नाहीत. त्या बैलांवर, माणसांवर, गाड्यांवर घाट चढून देशावर आल्या आणि देवापुढे टांगल्या गेल्या. हे जिंकल्याचं चिन्ह होतं यात शंका नाही. पण जिंकल्याचं चिन्ह दरवाजाच्या उंबऱ्यातही पुरता येतं, चौकात उलटंही टाकता येतं. यांनी घंटेला घंटाच ठेवलं. तिच्या अंगावरचा क्रूस तासून काढला नाही. मारियेचं चित्र घासलं नाही. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. अप्पा स्वतः डिसेंबर १७४० मध्ये गेले. नाशिकचं देऊळ उभं राहिलेलं त्यांनी पाहिलं नाही.

मेणवलीला गेलो तेव्हा कृष्णेला पाणी कमी होतं. नाना फडणवीसांचा वाडा मागे टाकून घाटाच्या पायऱ्यांकडे वळलं की मेणेश्वराजवळ एक छोटं दगडी घंटाघर आहे. घंटा सुमारे साडेसहाशे किलोची असल्याचं सांगतात. वर्ष १७०७. आणि अंगावर बाळ येशूला घेतलेली मारिया. उठाव फार नाही, उन्ह तिरपं असलं की जास्त स्पष्ट दिसतो. माझ्या समोर एक बाई कडेवरचं पोर घेऊन आली. तिनं पोराचा हात धरून लोळ्याला लावला, आवाज झाला, पोर दचकलं आणि मग हसलं. एका आईच्या कडेवर एक मूल, आणि घंटेवर दुसऱ्या आईच्या कडेवर दुसरं. त्या बाईनं चित्राकडे पाहिलं, हात जोडले. मी विचारलं, “हे कोणाचं चित्र आहे ताई?” ती म्हणाली, “देवीचंच की. लेकरू हाय ना कडंवर.” मला त्यावर काही बोलावंसं वाटलं नाही.

आमच्या भागाचं आणि या घंटांचं एक नातं मला उशिरा सापडलं. बीड जिल्ह्यातली माणसं दसरा झाला की ऊसतोडीला निघतात. कोयता, टोळी, मुकादमाची उचल, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळी, पोरं. थेऊरचा साखर कारखाना चालू होता तेव्हा आमच्याकडच्या टोळ्या त्याही भागात जात. आमच्या गल्लीतली एक आजी तिथल्या फडाच्या गोष्टी सांगते. मध्यरात्री गाडी भरायची, पहाटे कोपीत परत यायचं. लेकराला ताप आला तेव्हा ती त्याला घेऊन चिंतामणीला गेली. “तिथली घंटी लई मोठी,” ती म्हणते. “म्या वाजिवली आन् कानात बसली. फडात गेले तरी ऐकू यायची.” तिला मी सांगितलं की ती घंटा समुद्राकाठच्या ख्रिश्चन देवळातून आलेली आहे असं म्हणतात. ती जराशी गप्प झाली. मग म्हणाली, “म्हंजी तीबी आपल्यासारकीच. उचलून नेलेली.”

हे वाक्य मी अनेकांना सांगितलं आहे. इतक्या पुस्तकांतून जे मला नीट धरता आलं नव्हतं ते तिनं एका दमात धरलं.

घंटा कानात बसली असं आजी म्हणते त्याला कारण आहे. युरोपी घाटाच्या घंटेला एक सूर नसतो. ठोका पडताक्षणी एक सूर उठतो, त्याच्या साधारण एक सप्तक खाली एक गुणगुण असते जी सगळ्यांत शेवटपर्यंत टिकते, आणि ठोक्याच्या सुराच्या जरा वर कोमल गंधारासारखा एक सूर असतो, ज्यामुळे ती आनंदाच्या दिवशीही किंचित व्याकूळ वाटते. ओतकाम कितीही चांगलं असलं तरी घंटा हर बाजूनं तंतोतंत सारखी होत नाही. त्या बारीक फरकामुळे आवाज लाटेसारखा कमीजास्त होत विरतो. चर्चच्या मनोऱ्यात ती घंटाच झुलायची आणि लोळा तिच्यावर आदळायचा, म्हणून आवाज हवेत फेकला जायचा. देवळात ती स्थिर आहे आणि माणूस लोळा हलवतो. आवाज आता माणसाच्या डोक्यावरून खाली उतरतो. मनोऱ्यावरून ती गावाला बोलवायची, इथे दर्शनाला आलेला एकेकटा माणूस देवाला आपण आल्याचं कळवतो. काम बदललं, तरी देव आणि माणूस यांच्यामधलीच जागा राहिली.

मग वसईला गेलो. किल्ल्यात गेलं की कॅथेड्रलचा दर्शनी मनोरा उभा आहे, वर छप्पर नाही, भिंतींतून वडपिंपळ उगवलेले. मनोऱ्याच्या कमानी रिकाम्या. मी तिथे बराच वेळ बसलो. दर्यावरून वारा आत येत होता. १७३९ च्या त्या पावसाळ्यात, शिबंदी गेल्यावर, बाहेरच्या गावांतल्या एखाद्या घरात कुणी वारलं असेल तेव्हा लोकांना कळवलं कसं असेल, हा विचार मनातून जाईना. पोर्तुगीज पाद्री बहुतेक निघून गेले होते. पुढे गोव्याहून आलेल्या देशी पाद्र्यांनी या पॅरिश सांभाळल्या. लोकांनी श्रद्धा टिकवली, चर्च दुरुस्त केली, नव्या घंटा आणल्या. ज्यांचे पणजोबा पोर्तुगालच्या राजाचे प्रजाजन होते ते पेशव्यांचे झाले, मग इंग्रजांचे, मग आपलेच आपण. केळी मात्र तीच लावत राहिले आणि सुकेळी उन्हात तशीच वाळत राहिली.

पापडीच्या बाजूला एका म्हाताऱ्या बाबांशी बोलणं झालं. त्यांना घंटांची गोष्ट माहीत होती, त्यांच्या समाजातल्या अभ्यासकांनी आणि किल्ल्यावर काम करणाऱ्या तरुणांनी या घंटांचा मागोवा घेतला आहे हेही माहीत होतं. मी भीत भीत विचारलं, “बाबा, वाईट वाटतं का?” ते म्हणाले, “वाजते ना? मग ठीक आहे. पण आमची आहे एवढं तिथे कुणाला ठाऊक असावं.” तेवढंच. तक्रार म्हणून नव्हे. आपल्या घरातून दिलेल्या मुलीचं माहेर सासरच्यांना माहीत असावं, इतक्या साधेपणानं.

जानेवारी २०२० मध्ये आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईतल्या नंदाखालचे, कॅथलिक धर्मगुरू, ‘सुवार्ता’ मासिकाचे माजी संपादक, वसईची हिरवाई वाचवायला रस्त्यावर उतरलेले. त्यांच्या निवडीला आधी विरोध झाला होता. पाठीच्या दुखण्यामुळे ते चाकाच्या खुर्चीतून आले आणि मराठवाड्यानं त्यांना ऐकलं. २०२४ मध्ये ते गेले. संमेलनाच्या वेळी मला वाटलं होतं, नंदाखालच्या चर्चची घंटा ऐकत वाढलेला हा माणूस आपल्याशी आपल्याच भाषेत इतकं निखळ बोलतो आहे, तर त्याच्या गावांचा आणि आपल्या देवळांतल्या घंटांचा संबंध आपण उघडपणे का सांगू नये? जिंकले तेही मराठी बोलणारे होते आणि ज्यांचे मनोरे रिकामे झाले तेही. या गोष्टीत परकं कोणी असेल तर तो लिस्बनचा राजा. बाकी दोन्ही बाजूंना आपणच आहोत.

घंटा परत द्याव्यात का, असं मला एकदा एका मित्रानं विचारलं. फिलिपाइन्समधल्या बलांगिगा गावच्या पॅरिश चर्चच्या घंटा अमेरिकी सैन्यानं १९०१ मध्ये नेल्या होत्या, त्या डिसेंबर २०१८ मध्ये परत आल्या. गावानं रडत त्यांचं स्वागत केलं. ते योग्यच झालं. त्या घंटा लष्करी ठाण्यांवर स्मारक म्हणून पडून होत्या आणि गाव त्या मागत होतं. आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. या घंटा पावणेतीनशेहून जास्त वर्षं देवापुढे आहेत. नसरापूरच्या बनेश्वरातली १६८३ ची घंटा चर्चमध्ये जितकी वर्षं होती त्याच्या कितीतरी पट काळ महादेवापुढे आहे. तिला हात लावून गेलेल्या पिढ्यांना तिच्यावर हक्क नाही असं मला म्हणवत नाही. घंटा जागा बदलतात, चर्चमधल्या चर्चमध्येही. जुन्या गोव्यात ऑगस्टिनियनांचा मठ १८३५ मध्ये बंद पडला, चर्च कोसळत गेलं, आणि तिथली मोठी घंटा आधी आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि तिथून १८७१ मध्ये पणजीच्या पॅरिश चर्चमध्ये आली. सव्वादोन टनांची. आज पणजीच्या पायऱ्यांवर उभं राहून वर पाहिलं की मधल्या कमानीत ती दिसते. तिचा हा प्रवास पणजीत कुणीही सांगतं आणि त्यामुळे ती पणजीची कमी होत नाही.

आपल्या घंटांबद्दल मला तेवढंच हवं आहे. आणली कोणी हे जसं सांगता, तसंच ओतली कधी, अंगावर काय लिहिलं आहे, आणि कोणत्या माणसांसाठी वाजत होती हेही सांगा. शेंदूर आणि तेलाचे थर अक्षरांवर चढत आहेत. काही ठिकाणी ऑइलपेंट दिला आहे. लोळा दोरीनं ओढताना नेहमी एकाच जागी आदळतो, तिथे ओठ झिजतो आहे. मोठ्या घंटेला एकाच जागी असे ठोके बसत राहिले तर ती तडकते. चर्चमध्ये म्हणूनच अधूनमधून घंटा थोडी फिरवून बसवतात. हे कुणी आपल्या देवस्थानांना सांगायला हवं.

त्यासाठी मी एक लहानसं काम हाती घेतलं आहे. पुजाऱ्यांची परवानगी घेऊन पातळ कागद घंटेवर धरायचा आणि पेन्सिलीनं हलक्या हातानं घासत जायचं. अक्षरं, आकडे, क्रूस, फुलापानांची नक्षी कागदावर उतरते. घंटेला ओरखडाही पडत नाही. एक प्रत देवळाला द्यायची, एक वसईच्या मंडळींना पाठवायची. मेणवलीचा कागद पापडीच्या बाबांकडे गेला आहे. त्यांनी तो घरातल्या वेदीजवळ लावला, असं त्यांच्या नातवानं कळवलं. थेऊर अजून व्हायचं आहे. गल्लीतल्या आजीला सोबत चला म्हणून विचारलं, तर तिनं आधी एकच चौकशी केली, वाजवू देतील ना.